बार किती भरायचा?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात वाघ-बिबटे बेशुद्ध करून पकडण्याच्या कामाबद्दल लोक बहुतेक वेळा औषधाचं विचारतात: कोणतं देता, किती देता, किती वेळात पडतो. बंदुकीबद्दल विचारलंच तर प्रश्न एकच असतो, ‘किती लांबून मारते?’ गावकरी हे विचारतात, पुढारी विचारतात, आणि नवी बंदूक घ्यायची म्हटलं की कागदावरही पहिला रकाना पल्ल्याचाच असतो. या कामात राहून माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न आधी विचारल्यानं पुढची सगळी निवड चुकत जाते. डार्टच्या बंदुकीत आधी पाहायचं ते डार्टमागचा जोर दर वेळी सारखा मिळतो का, आणि जनावराजवळ पोचताना तो जोर हवा तेवढाच कमी उरतो का. पल्ल्याचा विचार त्यानंतरचा. डार्टमागे दारूचा बार असावा की वायूचा दाब, हा वाद मी याच कसोटीवर सोडवतो. वाघ-बिबट्यासाठी आणि आपल्याकडच्या जंगलासाठी माझा कौल दाब मोजून भरता येणाऱ्या वायूच्या बंदुकीला आहे. त्याची कारणं इथे मांडतो, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही तपासतो.

या विचाराचं मूळ जंगलात सापडत नाही, नेमबाजीच्या रेंजवर सापडतं. ज्या देशांत नेमबाज आपली काडतुसं घरी भरतात, तिथे रिव्हॉल्व्हरसाठी कोणती दारू निवडायची हा जुना आणि बारकाव्यांचा विषय आहे. भारतात काडतूस तयार करणं परवान्याच्या चौकटीत येतं, म्हणून आपल्याकडे त्या हौसेला फारशी जागा नाही. पण त्यामागचा हिशोब आपल्या कामाचा आहे. पॉइंट थर्टी-एट स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं, तेव्हा त्याचं कवच काळ्या दारूच्या मापानं लांब केलेलं होतं. पुढे धूरविरहित दारू आली. निशाणेबाजीच्या सौम्य बाराला ती इतकी थोडी लागते, की जेमतेम दोन दशांश ग्रॅम दारू त्या लांब कवचाच्या तळाशी पडून राहते आणि वरची बरीच जागा रिकामी असते. बंदूक खाली झुकवून वर आणली तर दारू गोळीकडे सरकते, वर करून खाली आणली तर टोपीकडे. जळण्याची सुरुवात त्यानं बदलते आणि वेगही बदलतो. म्हणून जाणते नेमबाज निवडतात ती दारू चटकन पेटणारी, थोडक्यात काम भागवणारी, आणि कवचात कुठेही पडली तरी सारखी जळणारी असते. ‘बुल्सआय’ नावाची अमेरिकन दारू शंभराहून अधिक वर्षं या कामासाठी टिकून आहे ती याच गुणांवर. तिच्याहून जास्त वेग देणाऱ्या दारू ढिगानं मिळतात. निशाणेबाजाला त्यांचा उपयोग नसतो. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. सगळी भोकं एका ठिकाणी पडावीत यासाठी सारखेपणा लागतो.

आता हाच हिशोब डार्टला लावून पाहू, कारण फरक खरा कळतो तो आकड्यांत. निशाणेबाजीची पॉइंट थर्टी-एटची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास असते आणि सेकंदाला सुमारे 230 मीटर वेगानं निघते. 25 मीटरपर्यंत पोचताना ती 6 सेंटिमीटरच्या आत खाली उतरते. एखाद्या गोळीचा वेग 10 टक्क्यांनी वाढला, तरी या उतारात फरक पडतो जेमतेम 1 सेंटिमीटरचा. या अंतरावरच्या प्रिसिजन लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ 5 सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे तेवढी चूक त्यात मावून जाते. डार्ट औषधासह 10 ग्रॅमचा धरू. वजन जवळपास गोळीएवढंच झालं. पण त्याचा वेग सेकंदाला 60 मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. 30 मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो, हवेचा विरोध सोडला तरी, सव्वा मीटर खाली येतो. इथे वेग 10 टक्क्यांनी वाढला तर डार्ट 20 सेंटिमीटर वर लागतो. मांडीच्या जाड स्नायूवर नेम धरला असेल, तर 20 सेंटिमीटर वर म्हणजे कंबरेचं हाड किंवा पाठीचा कणा. वेग तेवढाच कमी झाला, तर डार्ट पोटाखालून गवतात जातो किंवा पायाच्या हाडावर आपटतो. गोळीच्या बाबतीत पचून जाणारी चूक डार्टच्या बाबतीत जनावराच्या जिवावर येते. वेग जितका कमी, तितकी सारखेपणाची गरज मोठी. डार्टच्या बंदुकीला रेंजवरच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त काटेकोर बार हवा असं मी म्हणतो, ते या गणितावरून.

मग वेगच का वाढवू नये, म्हणजे उतारही कमी होईल आणि चूकही, असं कुणी म्हणेल. याचं उत्तर डार्टच्या रचनेत आहे. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध असतं, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा, आणि सुईच्या बाजूच्या भोकावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की ही नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि मागची हवा दट्ट्या पुढे रेटते. म्हणजे औषध आत ढकलण्याचं काम डार्टच्या वेगावर सोपवलेलंच नाही. वेगाकडे एवढंच काम उरतं की सुई कातडी भेदून स्नायूत जावी आणि नळी मागे सरकावी. त्याहून जास्त असलेला वेग जनावराच्या अंगात मुरतो, रक्त साकळवतो, कधी हाड मोडतो. कधी तर डार्ट आपटून उलट फिरतो आणि अर्धं औषध बाहेर सांडतं. सेकंदाला 60 मीटर वेगाच्या 10 ग्रॅमच्या डार्टमध्ये 18 ज्यूल ऊर्जा असते. वेग 80 वर नेला तर ती 32 ज्यूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पूर्ण वाढलेल्या वाघाच्या मांडीला हे एक वेळ झेपेल. 50 किलोच्या बिबट्याच्या मादीला झेपेलच असं नाही. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावानं ओळखलं जाणारं झायलाझिन आणि केटामिनचं तीव्र मिश्रण इतकं उपयोगी ठरलं, त्याचंही कारण यात आहे. औषध कमी मिलिलिटरमध्ये मावलं की डार्ट लहान होतो, हलका होतो, आणि त्याच्यामागे कमी जोर पुरतो. औषधशास्त्र आणि बंदूक दोन्हीकडून एकच गोष्ट साधायची असते: पोचताना जोर कमी आणि तोही ठरलेला.

दारूच्या बारानं चालणाऱ्या डार्ट-बंदुका विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहेत, आणि त्यांनी जगभर मोठं काम केलं आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांत गोळी नसलेली छोटी काडतुसं वापरतात. कमी-जास्त ताकदीची काडतुसं वेगवेगळ्या रंगांची असतात आणि अंतर पाहून रंग निवडायचा असतो. अडचण इथेच आहे. रंग मोजकेच, आणि दोन रंगांच्या मधलं काही मिळत नाही. जनावर नेमकं त्या मधल्या अंतरावर उभं असतं. शिवाय सगळ्यात हलकं काडतूसही अगदी जवळच्या जनावरासाठी जड पडतं. चंद्रपूर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या झुडपांत बिबटे राहतात आणि वस्तीत येतात. इतरत्र ते गोठ्यात, घरात, विहिरीत सापडतात. तिथे अंतर पाच-सात मीटरचं असतं. एवढ्या अंतरावर दारूचा बार म्हणजे उपचाराआधी इजा. वायूच्या बंदुकीत मारण्याआधी दाबमापकावर दाब ठरवता येतो. जवळ असेल तर अगदी कमी, लांब असेल तर जास्त, आणि मधल्या प्रत्येक अंतरासाठी मधला दाब. पिंजऱ्यातल्या जनावरासाठी तर फुंकनळी पुरते, तिथे छातीतली हवा हाच बार. जुन्या धातूच्या डार्टमध्ये औषध ढकलायलाही दारूची टोपी असायची. आपटताच ती उडायची आणि सगळं औषध क्षणार्धात स्नायूत घुसायचं, त्यात आजूबाजूचा स्नायू फाटायचा. दाबलेल्या हवेनं औषध त्यामानानं सावकाश जातं. थोडक्यात, बंदुकीत काय आणि डार्टमध्ये काय, दारू जिथे जिथे मागे हटली तिथे जनावराची इजा कमी झाली.

पहिला गंभीर आक्षेप उष्णतेचा आहे, आणि तो घेणारे लोक जाणते असतात. त्यांचं म्हणणं असं, की कार्बन डायऑक्साइड हा तर तापमानाचा गुलाम. सिलिंडरमधल्या द्रवावरचा त्याचा दाब 10 अंशांना सुमारे 45 बार असतो, 20 अंशांना 57, आणि 31 अंशांना 74 बारच्या जवळ. त्यापुढे तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. चंद्रपूरचा उन्हाळा 46-47 अंशांना टेकतो, हिवाळ्याची पहाट 10-12 अंशांवर येते. मग यात सारखेपणा कुठला? आक्षेप बरोबर आहे, पण तो लागू पडतो सिलिंडरचा दाब थेट डार्टवर सोडणाऱ्या बंदुकीला. दाब ठरवता येणाऱ्या बंदुकीत सिलिंडर हे फक्त कोठार असतं. त्यातून नळी उघडून दाबकक्षात हवे तेवढेच बार घ्यायचे आणि मापकाकडे पाहून थांबायचं. कोठारात 45 बार आहेत की 75, यानं कक्षातल्या दाबात फरक पडत नाही. पडतो तो हलगर्जीनं. सावलीत भरलेला कक्ष उन्हात राहिला तर दाब चढतो, झडप जराशी गळत असेल तर उतरतो. म्हणून घोडा ओढण्याआधी पुन्हा एकदा मापक पाहणं हा या कामाचा नियम असायला हवा. दारूकडे मात्र असं कोणतंही मापक नाही. तीसुद्धा तापली की लवकर जळते आणि वेग वाढवते. जीपच्या डॅशबोर्डवर तापलेलं काडतूस आणि सावलीतलं काडतूस रंगानं सारखीच दिसतात. वायू आणि दारू, दोन्हींवर उन्हाचा परिणाम होतो. फरक इतकाच, की वायूच्या बाबतीत तो मारण्याआधी दिसतो आणि दुरुस्त करता येतो. दारूच्या बाबतीत तो डार्ट लागल्यावर किंवा चुकल्यावर कळतो. आणि आपल्याकडे मोहफुलं वेचायचे आणि तेंदूपानं तोडायचे दिवस, म्हणजे माणूस आणि वाघ समोरासमोर येण्याचे दिवस, नेमके मार्च ते मे असेच असतात.

दुसरा आक्षेप पल्ल्याचा. दारूची बंदूक जास्त लांब मारते, मग माणसं सुरक्षित राहतात आणि वाघही बुजत नाही, असं सांगितलं जातं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, वडसा या पट्ट्यात ज्यांनी काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की बांबूच्या रांजी, साग-ऐनाची दाट रोपं आणि कंबरेएवढं गवत यांत 30-35 मीटरपलीकडे डार्टला मोकळी वाट क्वचित मिळते. गोळी पानाला शिवून जाते, डार्ट पानाला शिवला की भरकटतो. मोकळी वाट मिळाली तरी अंतराचा अंदाज आड येतो. 30 मीटर समजून मारलं आणि वाघ 33 मीटरवर निघाला, तर डार्ट सुमारे 13 सेंटिमीटर खाली जातो. लांबच्या अंतरावर हीच चूक झपाट्यानं वाढते. त्यातही डार्ट लागल्यावर वाघ लगेच पडत नाही. पाच-दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ तो चालत राहू शकतो. लांबून मारलेला वाघ नजरेआड झाला, की अर्धवट गुंगीतलं जनावर दाट झाडीत शोधत फिरावं लागतं. माणसांना सर्वांत मोठा धोका त्या वेळी असतो. तेव्हा सुरक्षितता लांबच्या माऱ्यात नाही. ती आधीच्या तयारीत आहे: कॅमेरा ट्रॅपनं वाट हेरणं, मचाण कुठे बांधायचं ते ठरवणं, वाऱ्याची दिशा पाहणं, आणि वाघ ज्या जागी स्थिर उभा राहील ती जागा 20-25 मीटरवर आणणं. राजुऱ्याचा आरटी-1 ऑक्टोबर 2020 मध्ये आणि वडशाचा सीटी-1 ऑक्टोबर 2022 मध्ये जेरबंद झाला, त्याआधी दीर्घ काळ माग काढावा लागला होता. तो काळ बंदुकीचा पल्ला वाढवून वाचला असता, असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप गडचिरोलीच्या बाजूनं येतो आणि तो व्यवहाराचा आहे. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड इतक्या आत सिलिंडर संपला तर भरून कुठे आणायचा? दारूचं काडतूस खिशात मावतं, गळत नाही, वर्षभर टिकतं. हे खरं आहे, म्हणून वायूची बंदूक नेणाऱ्या पथकानं जादा भरलेले सिलिंडर नेलेच पाहिजेत; काही बंदुकांना पायपंपाची साधी हवाही चालते, त्या अशा भागासाठी जास्त सोयीच्या. पण याच भागात दारूच्या बाराची दुसरी बाजूही पाहावी लागते. गडचिरोलीत बंदुकीचा आवाज साधा आवाज नसतो. गेल्या चार दशकांच्या नक्षल संघर्षानं त्याला वेगळा अर्थ दिला आहे. पोलीस ज्या भरमार बंदुका जमा करण्याचं आवाहन करत आले, त्या ठासणीच्या, म्हणजे दर वेळी हातानं दारू मोजून भरायच्या बंदुका. जंगलात बार उडाला की गाव दचकतं, जवळचा पोलीस कॅम्प सावध होतो, आणि बेशुद्ध पडू पाहणारं जनावर शांत राहायच्या ऐवजी बिथरतं. घाबरलेल्या, रक्तात अॅड्रेनलिन उसळलेल्या जनावरावर झायलाझिन नीट चढत नाही. दुसरा डोस द्यावा लागतो आणि धोका वाढत जातो. वायूच्या बंदुकीचा हलका आवाज ही म्हणूनच चैन नाही, तो औषधाच्या परिणामाचाच भाग आहे.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, कारण तो अभिमानाचा आहे: हात मुरलेला असला की कोणतीही बंदूक चालते. मुरलेला हात मोलाचा आहेच, पण तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे वेगळं काढायला हवं. बंदूक दर वेळी चार बोटं खाली मारत असेल, तर हात ते चार दिवसांत शिकतो आणि वर नेम धरतो. ती कधी चार बोटं खाली आणि कधी चार बोटं वर मारत असेल, तर जन्मभराचा सरावही कामाला येत नाही. कौशल्य कायमची चूक भरून काढतं, बदलती चूक नाही. रेंजवरचे नेमबाज एकाच दारूच्या, एकाच टोपीच्या, एकाच वजनाच्या काडतुसांवर अडून बसतात, ते हातावर विश्वास नाही म्हणून नाही. आपल्या हाताचा दोष वेगळा दिसावा म्हणून ते तसं करतात. जंगलात तर याची गरज दुप्पट आहे, कारण इथे दहा गोळ्यांची मालिका नसते. बहुधा एकच संधी मिळते, आणि चुकलेला डार्ट औषधासकट कुठेतरी पानांत पडून राहतो, जिथे दुसऱ्या दिवशी बायका सरपणाला येणार असतात.

एक आक्षेप मी मान्य करतो. रानगव्याची कातडी जाड, उभं राहायची जागा मोकळी आणि सावधपणा मोठा. 2021 पासून छत्तीसगडच्या बाजूनं गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप हा तर वेगळाच प्रश्न आहे. अशा जनावरांना लांब, जाड सुई, जड डार्ट आणि जास्त जोर लागतो. तिथे दारूच्या बाराची बंदूक आजही आपली जागा राखून आहे. पण याचा अर्थ तीच बंदूक बिबट्यासाठी वापरावी असा होत नाही. 25 मीटरवर कागदाला भोक पाडणारा नेमबाज शिकारीचा भारी बार वापरत नाही, तसंच इथेही बार जनावर पाहून ठरायला हवा. एका विभागाकडे एकच बंदूक असेल आणि ती सगळ्या जनावरांना चालवावी लागत असेल, तर दोष त्या बंदुकीचा नाही, खरेदीचा आहे.

हे सगळं तांत्रिक बारकावे वाटतील, पण त्यांच्यावर कायद्याचं मोठं ओझं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 प्रमाणे, पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं, तरी ते पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही याची खात्री झाल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकांना ते ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजे वाघाचं जगणं अनेकदा एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतं: बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला होता का? 2 नोव्हेंबर 2018 रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघीण गोळीनं मारली गेली, तेव्हा पुढचा मोठा वाद तिच्या अंगावरच्या डार्टभोवतीच फिरत राहिला. ज्या प्रयत्नाची अशी उलटतपासणी होणार आहे, त्याची नोंद ठेवता आली पाहिजे. ‘अमुक अंतर, अमुक वजनाचा डार्ट, अमुक दाब, अमुक तापमान’ असं वायूच्या बंदुकीबद्दल लिहून ठेवता येतं. ‘हिरव्या रंगाचं काडतूस’ एवढ्यावरून नंतर काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बंदूक घेताना पल्ल्याचा रकाना खाली न्यावा आणि वर लिहावं: एकाच दाबावर, एकाच वजनाच्या डार्टनं, ठरलेल्या अंतरावर मारलेले सलग दहा डार्ट किती सेंटिमीटरच्या वर्तुळात लागतात. ही चाचणी थंड खोलीत न घेता चंद्रपूरच्या उन्हात घ्यावी, जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा. कंपनीचा दाब-अंतराचा तक्ता थंड देशात तयार झालेला असतो. प्रत्येक पथकानं आपल्या बंदुकीचा, आपल्या डार्टचा, आपल्या ऋतूंचा तक्ता स्वतः मारून तयार करावा आणि तो बंदुकीच्या पेटीतच ठेवावा. अंतर डोळ्यानं न ठरवता लेझरच्या मोजणीनं ठरवावं. सरावासाठी औषधाच्या वजनाएवढं पाणी भरलेले डार्ट वापरावेत, रिकामे नव्हेत, कारण रिकाम्या डार्टचा सराव वेगळ्याच डार्टचा सराव असतो. यातलं काहीही फार खर्चाचं नाही. खर्च आहे तो फक्त सरावातल्या डार्टचा आणि वेळाचा, आणि तो मंजूर करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या दिवशी गाव गोळा होऊन ‘मारा’ म्हणून ओरडत असतं, त्या दिवशी पथकाजवळ तर्काला वेळ नसतो. तेव्हा कामाला येतो तो शांत दिवशी मोजून ठेवलेला दाब.